एकमजली दवाखान्याचा लिफ्टमन

सुपडू नानाच्या श्रद्धांजलीच्या सभेत चार जण बोलले आणि चौघांनी मिळून त्याला मितभाषी करून टाकलं. एकानं तर 'शांत आणि सोशिक' असंही म्हटलं. मला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या सभेला येऊन बसलो. मान वर करून फोटो बघितला, तर फोटो नानाचाच, आणि फोटोतसुद्धा त्याचं तोंड अर्धं उघडं होतं. मी उठून माईक मागितला. सूत्रसंचालन करणारा पोरगा म्हणाला, "आबा, वेळ संपली."

म्हणून हे लिहून काढतो आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथीही मी अर्ध्यात सोडली. पुतण्या म्हणाला, तुम्ही सांगा, मी नीट करून लिहितो. मी त्याला म्हणालो, शब्द पाहिजे तितके सुधार, माणूस सुधारू नको.

जळगावला आमचा ट्रस्टचा दवाखाना चार मजली. मी तळघरात, धुण्याच्या खात्यात. चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे सगळे माझ्या हाताखालून जायचे. नाना लिफ्टवर. जुनी लिफ्ट होती, जाळीच्या दाराची. दार ओढलं की गल्लीतल्या दुकानाचं शटर पडल्यासारखा आवाज. बटण दाबायची कुणाला परवानगी नव्हती. डॉक्टर असो, चेअरमन असो, बोट पुढं आलं की नाना ते बोट हळूच बाजूला करायचा आणि विचारायचा, "कुठं जायचं?" मग स्वतः दाबायचा.

मजल्यांना त्याच्याकडं नंबर नव्हते. पहिल्याला 'तापवाले उतरा', दुसऱ्याला 'बाळंतिणी', तिसऱ्याला 'हाडं'. चौथ्यावर ऑफिस होतं. तिथं तो म्हणायचा, "ऑफिस आलं. इथलं दुखणं बरं होत नाही, जपून." आत चेअरमन उभे असले तरी हेच म्हणायचा.

आणि बोलायचा किती. तळमजल्यावर अनोळखी म्हणून चढलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर नानाचा साडू होऊन उतरायचा. "कुठले? भडगाव? भडगावात कुणाचे? अरे, मग तुमची आत्या पिंपळगावला दिलेली का? मग तर आपलं नातं लागतं." पाय मोडलेला माणूससुद्धा कण्हायचं विसरून आत्या आठवायला लागायचा. पत्र्याच्या एका खोक्यात उभं राहून नानानं अर्धा खान्देश स्वतःचा सोयरा करून घेतला.

युनियनचा सेक्रेटरीही तोच. आमच्या युनियनला ऑफिस नव्हतं. बैठक लिफ्टमध्ये व्हायची. ज्याचं काही गाऱ्हाणं असेल त्यानं चढायचं, चौथ्यापर्यंत जायचं, परत खाली यायचं. तेवढ्यात बोलून झालं तर ठीक, नाही झालं तर अजून एक फेरी. नानाचं एकच वाक्य होतं, "आधी विचारा, मग उचला." मुळात ते स्ट्रेचरवाल्यांसाठी होतं. पेशंटला न विचारता धसकन उचलायचं नाही, आधी त्याला सांगायचं, बाबा, आता तुला उचलतो. पुढं नाना तेच वाक्य कामगारांच्या बदल्यांना लावायला लागला. माणूस हलवायचा म्हणजे त्याला विचारायला नको का, कपाट आहे का तो?

गमबुटांची गोष्ट इथंच सांगून टाकतो. धुण्याच्या खात्यात घोट्याएवढं पाणी साचायचं, आमची बोटं कुजायची. गमबूट मागून मागून थकलो. तेव्हाचे प्रशासक वयस्कर, पोट सुटलेले, जिना चढायचे नाहीत. मे महिन्यातली दुपार. ते लिफ्टमध्ये, नाना, आणि मळक्या चादरींची गाडी घेऊन मी. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे लिफ्ट थांबली.

"काय झालं रे?" साहेब.

"बिघाड," नाना म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

"ते बिघाडाच्या मनावर आहे."

साहेबांनी रुमाल काढला. माझ्या गाडीतल्या चादरी आदल्या दिवसाच्या, जुलाबाच्या वॉर्डातल्या. मी काही बोललो नाही, चादरीच बोलत होत्या. नाना स्टुलावर बसला, पायावर पाय टाकला आणि म्हणाला, "साहेब, थांबलोच आहोत तर गमबुटांचं बोलून घेऊ." साहेब म्हणाले, पुढच्या मीटिंगला ठेवू. नाना म्हणाला, ठेवू, घाई नाही. साहेबांचा रुमाल नाकावर गेला. मग साहेबांनी मला पायाचा नंबर विचारला. नंबर सांगितल्याबरोबर लिफ्ट हलली. "सुधारली बिचारी," नाना म्हणाला. आजही कुणी विचारलं तर मी सांगेन की लिफ्ट आपोआप बंद पडली होती. मी तिथं होतो, मला माहीत आहे.

पुढं जुनी लिफ्ट काढली आणि नवी आली. काचेची, बटणांची, आत एक बाई बोलते ती. 'कृपया दरवाजापासून दूर उभे राहा.' नाना स्टूल घेऊन आत शिरला की बाई हेच म्हणायची. नाना म्हणायचा, "नवी सून आली, सासऱ्याला दारात उभं राहू देत नाही." पण हसताना त्याचा चेहरा थोडा उतरलेला असायचा, तेवढं मला कळत होतं. लिफ्टला माणूस लागत नाही म्हटल्यावर लिफ्टमनचं काय करायचं, हा प्रश्न ऑफिसात सुरू झालाच.

ट्रस्टनं दोंडाईचाला शाखा काढली होती. तिथं माणसं कमी होती आणि इथं आमची युनियन जास्त होती. दोन्हीवर एक औषध निघालं. नाना आणि बाळंतिणींच्या वॉर्डातल्या आठ आया दोंडाईचाला पाठवायच्या. पुनर्नियोजन, असं त्याला नाव. बदली म्हटलं की लोक भांडतात, हे म्हटलं की लोक अर्थ विचारत बसतात. आठ जणींत सुशीलाबाई होती. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. सकाळच्या गाडीनं जायचं आणि रात्री यायचं म्हटलं तर म्हातारीला पाणी कोण पाजणार? बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. नोकरी सोडतील, हे ऑफिसला ठाऊक होतं.

आमच्या जुन्या करारात दोन गोष्टी होत्या, नानानंच भांडून घातलेल्या. एक, माणूस हलवला तर त्याच पदावर हलवायचा, लिफ्टमनला झाडू द्यायचा नाही. दुसरी, आदेश हातात द्यायचा आणि त्यानं सही करून घ्यायचा. कुणाची हरकत असली तर कामगार अधिकारी निकाल देतील, आणि त्या निकालापर्यंत यादीतल्या पुढच्या कुणाला हलवायचं नाही. ऑफिसनं ठरवलं की पहिला आदेश नानाचा काढू. तो पडला की आठ जणी आपोआप पडतील.

आदेश द्यायचं काम मोहिते साहेबांकडं आलं. मोहिते नवीनच आलेले, कोल्हापूरकडचे, वयानं आमच्या मुलांएवढे. बायको आणि लहान मुलगी तिकडंच, हे इथं एका खोलीत राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट काम हातात घेऊन फिरत होता एवढंच.

ते पाकीट घेऊन तळमजल्यावर आले की नाना चौथ्यावर. ते चौथ्यावर गेले की नाना माझ्याकडं, चादरींच्या ढिगामागं. एकदा मात्र नाना पहिल्या मजल्याच्या लांब व्हरांड्यात सापडला असता. समोरून मोहिते येत होते, मागं भिंत. तिथं सुशीलाबाई रिकामं स्ट्रेचर घेऊन चालली होती. नाना त्यावर आडवा झाला, तिनं डोक्यापर्यंत चादर ओढली आणि तोंड पाडून ढकलायला लागली. मी मागून कपड्यांची गाडी घेऊन येत होतो. मोहिते साहेबांनी पाहिलं, बाजूला झाले, चष्मा काढला आणि पाकिटासकट हात जोडले. स्ट्रेचर अगदी त्यांच्या समोर आलं आणि चादर शिंकली.

साहेबांचे हात जोडलेलेच राहिले.

सुशीलाबाई थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "सर्दीना पेशंट शे, साहेब."

 साहेबांच्या ऑफिसातल्या शिपायानं नंतर सांगितलं की दार लावून बराच वेळ एकटेच हसत होते. पण पाकीट खिशातच होतं. वरून रोज विचारणा व्हायची, दिला का आदेश? शेवटी साहेबांनी ठरवलं, रविवारी घरी जाऊन देऊ. घरी माणूस कुठं लपणार?

रविवार श्रावणातला निघाला, आणि त्यातही कानबाईचा.

खान्देशात श्रावणात कानबाई देवी घरी बसते तेव्हा भाऊबंद जिथं असेल तिथून घरी येतो. सुरत, नाशिक, धुळं, सगळीकडून. नानाच्या भाऊबंदकीची कानबाई पिंप्राळ्यात नानाच्या घरी बसायची. प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू आणि डाळ घ्यायची, ते दळायचं आणि त्याचे रोट करायचे. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही, बाहेरच्या कुणालाच नाही. आणि पौर्णिमेच्या आत ते पीठ सगळं संपवायचं, त्याला वारा लागू द्यायचा नाही. मी नानाच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, त्याच्या पोरांना खांद्यावर खेळवलं, पण रोटाचा वास घेण्यापलीकडं माझा हक्क नव्हता. मला त्याचं काही वाटत नाही. रीत ती रीत.

मी माझ्या ओट्यावर बसलो होतो. मोहिते साहेब रिक्षातून उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट. मला विचारलं, "सुपडू नाना इथंच ना?" मी बोट दाखवलं. खोटं मी बोलत नाही.

आत काय झालं ते मी खिडकीतून पाहिलं. घरात पन्नासेक माणूस. त्यातला निम्मा निम्म्याला ओळखत नव्हता, कारण वर्षातून एकदाच गाठ. पंगत बसलेली. वाढायला तापीअक्का, नानाची मोठी भावजय, साऱ्या घरावर हुकूम तिचा. डोळ्यांनी जरा कमी, आवाजानं नाही. तिला दारात इस्त्रीचा शर्ट दिसला.

"कोठला शे रे भाऊ? सुरतवाला का?"

साहेबांना अहिराणी कळत नव्हती. आपलं आदरानं मान हलवली. ती मान हलली आणि सगळं घडलं.

"मंग उभा काय शे? बस. ताट वाढस."

दोन्ही बाजूंनी माणसं सरकली, साहेब मधे बसले. त्यांना वाटलं प्रसाद असेल, प्रसादाला नाही कसं म्हणायचं. रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. आणि खाणावळीत महिनोन् महिने जेवलेला तो माणूस. पहिला रोट लाजत खाल्ला, दुसरा गंगाफळात बुडवून खाल्ला, तिसऱ्याला स्वतःच ताट पुढं केलं. शेजारी धुळ्याचा एक भाऊबंद त्यांना आग्रह करत होता, "खा भाऊ, सुरतला असं मिळत नाही." साहेब म्हणत होते, खरंच नाही मिळत.

तेवढ्यात नाना मागच्या दारातून नारळ घेऊन आला. पंगतीत साहेब पाहिले आणि नारळ हातात धरून तसाच उभा राहिला. साहेबांनी त्याला पाहिलं, तोंडातला घास गिळला, हात पुसला आणि सवयीनं खिशातून पाकीट काढलं.

"नाना, हा तुमचा आदेश."

सगळी पंगत थांबली. तापीअक्कानं विचारलं, "हाऊ कोन शे?" नानानं सांगितलं, आमच्या दवाखान्याचे साहेब आहेत. अक्काच्या हातातली पळी खाली आली. परक्यानं रोट खाल्ला होता, तोही कानबाईसमोर बसून. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, बायका कुजबुजायला लागल्या. साहेबांना कळलं की काहीतरी भयंकर झालं, पण काय झालं ते कळेना. ते उठायला लागले.

"बस," अक्का म्हणाली. मग तिनं देवीकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, उरलेल्या पिठाच्या डब्याकडं पाहिलं. असा विचार करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, एरवी तिला गरजच पडत नाही. "बाईनं परक्याले ताटवर बसाडं नसतं. बसाडं म्हंजे हाऊ आपलाच शे. यानं नाव काय?"

"अभिजित," साहेब म्हणाले.

"अभिजित भाऊबंद शे. पुढला वरीसले यानी मूठ धरा." असं म्हणून तिनं ते पाकीट घेतलं, साहेबांच्याच खिशात परत कोंबलं आणि वरून खिसा थोपटला. "रोट सरतस तवलोंग घरमा वाद नही. सरू दे, मंग दे तुना कागद."

आता भाऊबंद झाल्यावर सुटका कुठली? रोट संपेपर्यंत रोज संध्याकाळी जेवायला यायचं. साहेब आले. रोज आले. पाकीट खिशात, पाकिटावर तुपाचे डाग वाढत चाललेले. सोमवारी सकाळी कानबाई उठली, विसर्जनाला निघाली, तेव्हा मेहरूण तलावापर्यंत डफाच्या मागं साहेब नाचत गेले. नाचता येत नव्हतं. कोल्हापूरकडं बहुतेक नाचत नसावेत. नाना त्यांचा हात धरून शिकवत होता आणि ओरडत होता, "डावा पाय, साहेब, डावा." पुढच्या वर्षी त्यांच्या नावाची मूठ खरंच धरली, आणि अजूनही धरतात.

पौर्णिमेला पीठ संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गेटवर उभा होता, आंघोळ करून, टोपी घालून. साहेब आले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. साहेबांनी पाकीट काढलं. नानानं दोन्ही हातांनी घेतलं, सही केली आणि म्हणाला, "आजच निघतो."

आम्हाला वाटलं नाना हरला. सुशीलाबाई रडायलाच लागली. नाना म्हणाला, "रडू नको. करार काय म्हणतो? त्याच पदावर. मी लिफ्टमन म्हणून चाललो आहे."

दोंडाईचाचा दवाखाना एकमजली. हे ऑफिसमधल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आलं असेल तर त्यांना वाटलं असेल की हा नाही म्हणेल, मग घरी बसवू. नानानं हो म्हटलं.

पंधरा-वीस दिवसांनी मी आणि सुशीलाबाई त्याला भेटायला गेलो. भुसावळहून सुरतेकडं जाणारी गाडी, दोंडाईचाला उतरलं की नाकात मिरचीचा खाट, ठसकाच लागतो. दवाखान्यात शिरलो तर समोरच्या कोऱ्या भिंतीला पाठ लावून, स्वतःच्या स्टुलावर, टोपी घालून नाना बसलेला. त्याच्या शेजारी जमिनीवर रांगेनं पाच-सहा म्हाताऱ्या, गाठोडी घेऊन.

"या कोण?" मी विचारलं.

"लिफ्टच्या पॅसेंजर."

एका म्हातारीनं त्या जागेकडं बोट दाखवून त्याला विचारलं होतं, आठे काय शे? नाना म्हणाला, लिफ्ट. कोठे शे? ई राहिनी. म्हातारीला वाटलं, येते आहे तर थांबू. तिला पाहून दुसरी थांबली. दोघी थांबल्या म्हणजे इथं काहीतरी मिळतं आहे, म्हणून बाकीच्या. नानानं तोवर सगळ्यांची माहेरं काढली होती आणि दोघी त्याच्या मावसबहिणी निघाल्या होत्या.

तिथले डॉक्टर चांगले होते बिचारे, पण टेकीला आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना सांगा हो, केसपेपर तरी काढा." नानानं तिथूनच उत्तर दिलं, "काढला असता, डॉक्टर. पण पद लिफ्टमनचं आहे. तुम्ही लिफ्ट आणा, मी रात्रंदिवस चालवतो." मग म्हाताऱ्यांकडं वळून, "उठा, बायांनो, डॉक्टर समोरच बसतात. लिफ्ट आली की सांगतो." आणि स्वतः एकेकीला हाताला धरून आत सोडून आला. येताना मला म्हणाला, "हे मी पदाबाहेर केलं, कुठं बोलू नको."

परत येताना गाडीत सुशीलाबाई हसून हसून डोळे पुसत होती. मग थांबली. म्हणाली, "आबा, नानाचं जे होईल ते आपलं होईल. नाना तिथं राहिला तर मी म्हातारीला कुठं ठेवू?" 

युनियननं हरकत घेतली होती. सुनावणी धुळ्याला, कामगार अधिकाऱ्यांसमोर. ट्रस्टकडून मोहिते साहेब आणि एक वकील. आदल्या दिवशी ऑफिसच्या शिपायानं बातमी आणली की चेअरमननी साहेबांना पढवलं आहे, दोंडाईचाला वरचा मजला लगेच बांधायला घेणार आहोत असं सांगा. तसं सांगितलं की संपलं. मजला होणार म्हणजे लिफ्ट होणार, लिफ्ट होणार म्हणजे आदेश बरोबर, आणि आठ जणींचे आदेश दुसऱ्या दिवशी बाहेर.

बसमध्ये मी नानाला म्हणालो, "आज साहेबाला रोटाची आठवण करून दे. नुसतं 'भाऊबंद' अशी हाक मार. तो खोटं बोलणार नाही."

नाना असा माझ्याकडं वळला की मला वाटलं आता बसमधून उतरवतो. "अक्कानं जेवू घातलं ते माणूस उपाशी होता म्हणून. साक्षीसाठी नाही. तू आज तोंड उघडलंस तर मी परत दोंडाईचाला जाऊन बसेन, आणि निकाल काहीही लागो, उठणार नाही." तो बसला असता. 

अधिकारी बाई होत्या. त्यांनी नानाला आधी विचारलं, "दोंडाईचाला तुम्ही काय काम करता?"

"हजर असतो, मॅडम."

"हजर राहून काय करता?"

"लिफ्टची वाट बघतो. सोबतीला पॅसेंजर असतात."

मॅडमनी कागदाआड तोंड लपवलं. मग मोहिते साहेबांकडं वळल्या. "तिथं वरचा मजला आहे?"

"नाही."

"होणार आहे का?"

वकील साहेब खाकरले. मोहिते साहेब टेबलावरचं पाणी प्यायले. नाना खिडकीबाहेर बघत होता, मुद्दाम, साहेबांच्या नजरेला नजर जाऊ नये म्हणून.  सुशीलाबाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

"मी परवा स्वतः गच्चीवर जाऊन आलो, मॅडम," साहेब म्हणाले. "वर पाण्याची टाकी आहे. बाकीच्या जागेत कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या आहेत. मजला काही होणार नाही. पाया त्याच्यासाठी घातलेलाच नाही."

वकिलाचं खाकरणं मधेच बंद पडलं. पुढं बरीच लिहालिही झाली, ती मला सगळी कळली नाही. कळलं ते एवढंच की ट्रस्ट नानाचा आदेश मागं घेतं आहे, आठ जणींचे काढणारच नाही, आणि यापुढं माणसाला विचारल्याशिवाय त्याला हलवायचं नाही. सुशीलाबाईनं तिथल्या तिथं मॅडमच्या पाया पडायचा घाट घातला. नानानं तिला मागं ओढलं. "पाया नको. सही घे," म्हणाला.

आता शेवटचं सांगतो, कारण सभेत हेच कुणी सांगितलं नाही.

नाना जळगावला परत आला, नवीन लिफ्टमध्ये, त्या बोलणाऱ्या बाईच्या शेजारी. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. आम्ही म्हणालो, आता शांत बस. तेवढ्यात चेअरमननी मोहिते साहेबांना दोंडाईचाला लावलं. सकाळी सांगितलं, दुसऱ्या दिवशी हजर व्हा. न विचारता.

त्या दुपारी मला तळघरापर्यंत घोषणा ऐकू आल्या. मी गमबूट घालूनच गेटवर धावलो. नाना स्टुलावर उभा, समोर आठ आया, सुशीलाबाई सगळ्यात पुढं, ड्युटी संपवून आलेले वॉर्डबॉय मागं. "मोहिते साहेबांची बदली रद्द करा." कामगारांनी साहेबासाठी घोषणा द्यायच्या, हे आमच्या दवाखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून विचारत होते, नक्की कोण कुणाच्या विरुद्ध आहे? कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, पण आवाज सगळ्यांचा लागत होता.

मागून एक वॉर्डबॉय म्हणाला, "नाना, ते तर ऑफिसर आहेत, युनियनमध्ये बसत नाहीत."

"हलवला ना न विचारता? मग बसतो," नाना म्हणाला आणि पुन्हा हात वर केला.

चौथ्या मजल्याची खिडकी उघडली. मोहिते साहेब कमरेपर्यंत बाहेर वाकले, चेहरा पांढरा, दोन्ही हातांनी खुणा करत होते, बंद करा, बंद करा. मागं केबिनमध्ये चेअरमन बसलेले असणार. साहेबांनी हात जोडले. ओठ हलत होते, नाना, पाया पडतो, असं काहीतरी असावं.

नानानं मान वर केली, टोपी सावरली, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडला, "साहेब, तुम्ही खिडकी लावून घ्या. यात तुमचा काही संबंध नाही."